सपाता कोणी शोधायच्या?

नागपुरातील आमच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून एक अभ्यासिका आहे. पत्र्याचे छप्पर, बारा-पंधरा टेबले, बाबासाहेबांच्या ग्रंथांचे एक कपाट आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा ढीग, एवढाच तिचा पसारा. रविवारी सकाळी वंदना आटोपली की तेथे मुलामुलींसाठी काही ना काही कार्यक्रम असतो. गेल्या महिन्यात इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या एका शिक्षक मित्रांनी ठरवले की या वेळी भाषण नको, सिनेमा दाखवू. इंग्रजीही कानावर पडेल आणि पोरे झोपणारही नाहीत. त्यांनी निवडलेला सिनेमा १९६४ सालचा, 'माय फेअर लेडी'. अध्यक्ष म्हणून आम्हाला बोलावणे आले. (आपल्या चळवळीत सिनेमा दाखवायचा असला तरी अध्यक्ष लागतोच!)

हा सिनेमा आम्ही पूर्वी पाहिलेला होता. कायद्याचे शिक्षण घेत असताना वसतिगृहातल्या मुलांनी वर्गणी काढून टीव्ही आणि प्लेयर भाड्याने आणला होता, त्या रात्री. तेव्हा आम्हाला इंग्रजी वाचता येत असे, बोलता येत नसे. पडद्यावरची फूलवाली पोर सहा महिन्यांत राजकन्येसारखी बोलू लागते, हे पाहून आमच्या अंगावर काटा आला होता. तिला जमले, मग आपल्याला का जमू नये? दुसऱ्या दिवसापासून आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन भिंतीशी इंग्रजी बोलू लागलो. त्या सिनेमाचे आमच्यावर ऋण आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु वीस-बावीस वर्षांनी, पंचवीसेक मुलामुलींच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तोच सिनेमा पुन्हा पाहताना आमची बैठक काही केल्या जमेना.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात इलायझा डूलिटल नावाची गरीब मुलगी फुले विकते. तिची बोली 'अशुद्ध'. हेन्री हिगिन्स हा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक खांबाआड उभा राहून तिचे बोलणे वहीत टिपून घेतो आणि बढाई मारतो की या पोरीला मी सहा महिन्यांत उमरावांच्या मेजवानीत सरदारीण म्हणून खपवून दाखवीन. त्याचा मित्र कर्नल पिकरिंग पैज लावतो. मुलगी शिकते, पैज जिंकली जाते, आणि शेवटी ती प्राध्यापकाकडेच परत येते. मूळ कृती जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक. ते १९१३ साली व्हिएन्नात आणि १९१४ साली लंडनमध्ये रंगमंचावर आले. त्यावरून १९५६ साली ब्रॉडवेवर संगीतिका झाली आणि तिच्यावरून जॉर्ज क्यूकर यांनी हा सिनेमा केला. त्याला आठ ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनला अभिनयाचे. इलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नला साधे नामांकनही नाही.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. सिनेमा आहे एका मुलीचा आवाज घडविण्याचा, आणि प्रत्यक्षात बहुतेक गाण्यांतून खुद्द ऑड्री हेपबर्नचाच आवाज काढून टाकण्यात आला. तिच्या जागी मार्नी निक्सन नावाची गायिका गायली. ओठ एकीचे, गळा दुसरीचा. ज्या गोष्टीवर हा सिनेमा हसतो तीच त्याने स्वतःच्या नायिकेला लागू केली!

आता वकिलीच्या नजरेतून काय दिसले ते सांगतो. पहिल्या वेळी आमच्या लक्षात मुळीच न आलेली बाब ही, की इलायझा हिगिन्सच्या घरी भीक मागायला गेलेली नाही. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे. रस्त्यावर उन्हापावसात बसून फुले विकण्याचा तिला कंटाळा आला आहे आणि दुकानवाले तिच्या बोलीमुळे तिला उभे करत नाहीत. म्हणून ती शिकवणी लावायला येते, आणि फी देऊ करते. तासाला एक शिलिंग. हिगिन्स स्वतः हिशेब करतो की तिच्या दिवसाच्या मिळकतीत या शिलिंगाचा वाटा केवढा मोठा आहे. लखपतीने त्याच प्रमाणात द्यायचे म्हटले तर साठ-सत्तर गिनी होतील. म्हणजे तिने देऊ केलेला मोबदला पुरेसाच नव्हे, तर भरघोस आहे. कराराच्या कायद्यात प्रस्ताव म्हणतात तो हाच. आणि तो झाला हे हिगिन्सलाही कळते. पण तो शिलिंग घेत नाही. तो पिकरिंगशी पैज लावतो. आली होती ग्राहक म्हणून, पाच मिनिटांत झाली पैजेची वस्तू. पुढे तिचा बाप येतो आणि पाच पौंडांत पोरीवरचा हक्क सोडून जातो. हिगिन्स दहा देऊ पाहतो तर बाप नको म्हणतो, कारण दहा हाती आले की माणूस जपून वागू लागतो आणि सुख संपते. त्या प्रसंगाला अभ्यासिकेत मोठा हशा झाला. आमच्या मनात मात्र दुसरेच चालले होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य असतो. आपल्या न्यायालयात या दोन सद्गृहस्थांपैकी कोणालाही दमडी वसूल करता आली नसती. इलायझाने शिलिंग हातात कोंबून पावती घेतली असती तर मात्र दावा लागला असता.

फी घेतली असती तर हिगिन्सला तिचे ऐकावे लागले असते. काय शिकायचे, किती शिकायचे आणि कशासाठी, हे तिने ठरवले असते. फुकट शिकवण्यात केवढी सत्ता असते, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही.

यानंतर आंघोळीचा प्रसंग येतो. त्या आधी ती बिचारी सांगते की मी येताना हात-तोंड धुऊन आले आहे. तिच्या खोलीत जेवढी स्वच्छता शक्य होती तेवढी ती करून आली आहे. ऐकतो कोण? हिगिन्सचा हुकूम सुटतो की हिचे सगळे कपडे उतरवा आणि जाळून टाका. घरातल्या बाया तिला ओरडत असताना धरून न्हाणीघरात नेतात. वसतिगृहात आम्ही या प्रसंगाला पोट धरून हसलो होतो. अभ्यासिकेत पुढच्या रांगेत बसलेल्या सात-आठ मुलींपैकी एकही हसली नाही. मुलांपैकी दोघे-तिघे हसले आणि मुली गप्प आहेत हे पाहून तेही गप्प झाले.

आपल्याकडे कपडा हा कधी नुसता कपडा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची परवानगी मिळवण्यासाठी काही दशके झगडावे लागले, तेव्हा कुठे १८५९ साली राजाज्ञा निघाली. दूर कशाला जायचे? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवले आहे की महारणीने लुगड्याचे काठ दिसतील असे नेसायचे नाही, काठ निऱ्यांत लपवायचे. काठ दिसला तर वरच्यांचा मान जातो! आणि हे सारे जुने झाले असे म्हणावे तर अत्याचार प्रतिबंधक कायदा काढून पाहा. १९८९ च्या मूळ कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचे कपडे जबरदस्तीने उतरवणे हा गुन्हा आहे. २०१५ साली दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली, आणि तिच्यात आणखी एक गुन्हा लिहावा लागला. सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालण्यास अडथळा करणे. देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात 'नवे कपडे' हे शब्द फौजदारी कायद्यात घालावे लागतात. आता अशा देशातल्या मुलींना कपडे जाळण्याच्या विनोदावर हसू येत नसेल तर दोष त्यांच्या विनोदबुद्धीचा आहे काय?

कर्नल पिकरिंगबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. हा गृहस्थ भला म्हणून ओळखला जातो. तोच इलायझाला पहिल्यांदा 'मिस डूलिटल' म्हणतो, आणि पुढे ती सांगते की आपले खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले. उच्चार हिगिन्सने शिकवले, पण माणूस असल्याची जाणीव त्या एका आदरार्थी संबोधनाने दिली. शॉ यांनी येथे अचूक बोट ठेवले आहे. एकेरीत हाक खाऊन वाढलेल्या आपल्या माणसांना ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पण हा पिकरिंग कोण? भारतातून आलेला, भारतीय बोलींचा अभ्यासक आणि बोलभाषा म्हणून संस्कृतवर ग्रंथ लिहिलेला. पहिल्या वेळी हे वाक्य आमच्या कानावरून निसटले होते. या वेळी मात्र लागले. शॉ यांनी कल्पनेतला कर्नल रंगवला त्याच्या थोडीच वर्षे आधी, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत घेता आले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली होती. इंग्रज कर्नलला जी भाषा आदराने शिकवली गेली ती या देशाच्या लेकराला नाकारली गेली. पुढे बाबासाहेबांनी ती स्वतःच्या जिद्दीने हस्तगत केली, हा भाग वेगळा. आणि हा भला कर्नल विसरू नये, पैज त्यानेच लावली होती.

आपल्या मराठी मुलखात ही कथा पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे पोचली. १९७५ साली ते नाटक आले आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अशी उभी केली की आजही जाणते लोक तिची आठवण काढतात. त्यांच्या अभिनयाबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो. पहिल्या अंकात मंजुळा तोंड उघडते तेव्हा नाट्यगृह हसते. ते कोण हसते आणि कोणाला? ती जशी बोलते तसे ज्यांच्या घरी बोलले जाते, ते त्या नाट्यगृहात किती असतात? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त महात्मा फुल्यांच्या लिखाणातली व्याकरणाची चूक काढून खिल्ली उडवली, तेव्हा त्यांनाही विचाराला उत्तर द्यायचे नव्हते. उच्चाराला हसले की विचाराला उत्तर देण्याची गरज उरत नाही. ही युक्ती फार जुनी आहे.

आम्ही स्वतः तिचा प्रसाद घेतलेला आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षी एका न्यायालयात आम्ही विहिरीच्या वादात युक्तिवाद करत होतो. बोलण्याच्या ओघात 'पाणी'चे 'पानी' झाले. विरुद्ध बाजूचे ज्येष्ठ वकील उठले आणि अत्यंत नम्रतेने म्हणाले, "विद्वान मित्रांनी कृपया सांगावे, विहिरीत पाणी होते की पानी?" सगळे हसले. हसण्याचा आवाज ओसरेपर्यंत आमचा मुद्दा कोठे होता ते आम्हालाच आठवेना. दावा आम्ही पुढे जिंकलो, पण त्या रात्री घरी जाऊन शंभर वेळा 'पाणी' म्हटले. सिनेमात हिगिन्स इलायझाच्या तोंडासमोर ज्योत ठेवतो आणि 'ह'चा उच्चार नीट झाला की ज्योत हलते. आमच्यासमोर ज्योत नव्हती एवढेच.

आता सिनेमाचा कळसाध्याय, म्हणजे राजदूताच्या वाड्यातली मेजवानी. इलायझा जिने चढून येते, राजघराण्यातली माणसे तिच्यासमोर झुकतात. भाषातज्ज्ञ म्हणून मिरवणारा एक गृहस्थ तिची परीक्षा घेतो आणि निकाल देतो की ही हंगेरीची राजकन्या आहे. म्हणजे लंडनमध्ये उच्चार, कपडे आणि चालरीत बदलली की काम फत्ते. शॉ यांचा सिद्धांतही तोच. वर्ग हा बोलण्यातून ओळखू येतो, बोलणे बदला, भिंत पडेल. इंग्लंडपुरता तो खराही असेल.

आपल्याकडची मेजवानी कशी झाली? इलायझा रंगमंचावर आल्यानंतर चारच वर्षांनी, १९१७ साली, एक सव्वीस वर्षांचा तरुण बडोद्याच्या स्टेशनवर उतरला. अंगावर विलायती पोशाख, कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण, लंडनमध्ये अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास. इंग्रजी असे की हिगिन्सने टोपी काढावी. पण उतरायला जागा नाही. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तो एका पारशी धर्मशाळेत गेला आणि वहीत पारशी नाव लिहून राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी त्याच्या खोलीसमोर उभे राहिले. त्याने मुक्काम हलवला, कमाटीबागेत काही तास बसून काढले आणि रात्री मुंबईची गाडी धरली. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहिला आहे. पोशाखात खोट नव्हती, उच्चारात नव्हती, विद्वत्तेत तर नव्हतीच. येथे परीक्षकाने कान लावून उच्चार तपासले नाहीत, जात तपासली. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा, म्हणजे 'माय फेअर लेडी'च्या एकच वर्ष आधीचा. त्या कथेचा नायकही वेगळे होऊन खपतो, सन्मान मिळवतो, आणि जात कळताच मार खातो. हॉलिवूडने आमची ही गोष्ट करायची ठरवली असती तर सुखान्त कोठून आणला असता?

मेजवानीनंतरचा प्रसंग आम्हाला सर्वांत खरा वाटतो. घरी आल्यावर दोघे मित्र एकमेकांचे अभिनंदन करतात. नोकर टाळ्या वाजवतात. जिने सारे केले ती कोपऱ्यात उभी आहे आणि तिच्याकडे कोणी पाहतही नाही. मग ती हिगिन्सच्या सपाता उचलून त्याच्याच तोंडावर फेकते. येथे अभ्यासिकेत टाळ्या पडल्या. मुलींनी सुरू केल्या.

त्या रात्री ती घर सोडते आणि पहाटे कॉव्हेंट गार्डनला जाते. शेकोटीभोवती तिचेच जुने सोबती बसलेले आहेत. ती जवळ जाते. ते अदबीने उठतात, बाईसाहेबांना काय हवे म्हणून विचारतात. तिला कोणी ओळखत नाही. आम्ही पुढे बसलेल्या मुलींकडे पाहिले आणि आम्हाला आमची आत्या आठवली. नोकरी-धंद्यात स्थिर झाल्यावर एकदा गावी गेलो होतो. आत्याशी बोलता बोलता तिने हातातला तवा खाली ठेवला आणि म्हणाली, "तू त साहेबावानी बोलून राह्यला बाप्पा! आता आमच्यासंग काय बोलशीन." ती कौतुकाने म्हणाली की दुखावून, हे आम्हाला आजवर ठरवता आलेले नाही. त्यानंतर आत्याकडे गेलो की आम्ही मुद्दाम गावच्या बोलीत बोलतो, आणि तिला ते खोटे वाटते हेही आम्हाला कळते. आपल्यातल्या किती शिकलेल्यांची अशी अवस्था झाली आहे! वस्ती सुटली, कॉलनी मिळाली. कॉलनीत आडनाव विचारले की घसा कोरडा पडतो, आणि वस्तीत गेलो की लोक खुर्ची पुसून देतात. हिगिन्सच्या घरातल्या मोलकरणीने आणि त्याच्या आईने, दोघींनी त्याला एकच प्रश्न विचारलेला असतो की प्रयोग झाल्यावर या मुलीचे पुढे काय? दोन्ही वेळा तो हसण्यावारी नेतो.

सिनेमा संपला. अध्यक्षीय भाषण म्हणून आम्ही यातले काही बोललो. बोलणे जरा आक्रमकच झाले. पैज लावणाऱ्यांच्या घरी आपण जाऊ नये, व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली चाललेले वर्ग म्हणजे हिगिन्सचीच दुकाने, वगैरे. तेव्हा बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, पण बाबासाहेबांनीही महाडला बायकांना सांगितलं होतं ना, लुगडं नेसायची पद्धत बदला, दागिने टाका, स्वच्छ राहा? मग त्यांच्यात आणि हिगिन्समध्ये फरक काय? आणि सर, मला मुलाखतीला जायचंय. मी 'पानी' म्हणू का?"

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण घरी येऊन बाबासाहेबांचे ते भाषण पुन्हा वाचले. प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रश्न रास्त आहे. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत, मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर, बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून सांगितले ते हेच. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळ्याहातांतले ते ओझे, ही सौंदर्याची चिन्हे नाहीत, तुम्हाला दुरून ओळखता यावे म्हणून ठेवलेल्या खुणा आहेत, त्या टाका. मेलेल्या जनावरांचे मांस घरात येऊ देऊ नका. मुलींना शिकवा. सल्ला वरवर हिगिन्सचाच वाटतो.

पण नीट पाहिले की फरक दिसतो. महाडमध्ये पैज नव्हती. त्या बायांना कोणाच्या मेजवानीत खपवायचे नव्हते. खूण टाकायची ती कोणी फसावे म्हणून नव्हे, तर खूण लावणाऱ्याचा अधिकार नाकारावा म्हणून. त्यांचे लुगडे कोणी उतरवून जाळले नाही, जाळली ती मनुस्मृती. नेसण बदलण्याचे त्यांनी स्वतःच्या हाताने केले, आणि एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून केले. ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. इलायझा एकटी बदलली म्हणून शेकोटीपाशी कोणी तिला ओळखले नाही. महाडहून परतलेल्या बाईला तिच्या आळीत कोणी 'बाईसाहेब' म्हटले नसेल, कारण शेजारणीचेही लुगडे घोट्यापर्यंत आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात पांढरी वस्त्रे नेसून लाखो लोक जमले, तेव्हा त्यांच्यातला कोणीही परत जाताना आपल्या माणसांना अनोळखी झाला नाही.

आणि बाबासाहेबांनी बदललेल्या बाईने पुढे काय करावे हेही सांगून ठेवले आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित स्त्रियांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तेथे बाबासाहेब म्हणाले की लग्न केलेल्या मुलीने नवऱ्याच्या बाजूने उभे राहावे, त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून, आणि गुलाम होण्यास साफ नकार द्यावा. आता हे समोर ठेवा आणि 'माय फेअर लेडी'चा शेवट पाहा. इलायझा परत येते. हिगिन्स तिच्या पहिल्या दिवसाच्या बोलण्याची तबकडी ऐकत एकटा बसला आहे. ती यंत्र बंद करते आणि जुन्याच बोलीत सांगते की मी हात-तोंड धुऊन आले आहे. तो टोपी डोळ्यांवर ओढतो, पाय पसरतो आणि माझ्या सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो. संपले. ज्या सपाता तिने फेकल्या होत्या त्याच.

शॉ यांना हा शेवट मान्य नव्हता, ही बाब मुद्दाम नोंदवतो. १९१४ सालच्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या नटाने अखेरीस इलायझाकडे फुले भिरकावून प्रेमकथा सूचित केली, तेव्हा शॉ संतापले. १९१६ साली छापील नाटकाला त्यांनी मुद्दाम पुरवणी जोडली की इलायझा हिगिन्सशी लग्न करत नाही. ती फ्रेडी नावाच्या मुलाशी करते आणि फुलांचे दुकान काढते. जिच्यासाठी ती शिलिंग घेऊन आली होती तीच गोष्ट. पण १९३८ च्या 'पिग्मॅलियन' चित्रपटाने शेवट सपातांवर नेला. शॉ हयात असेपर्यंत त्यांनी या नाटकाची संगीतिका होऊ दिली नाही. १९५० साली ते वारले आणि सहा वर्षांत ती झालीच. लेखकाच्या मागे बाजाराने दुकान बंद करून सपाता पुढे आणल्या. प्रेक्षकांना तेच गोड वाटते, आम्हालाही वसतिगृहात वाटले होते. डोळे पुसले होते आम्ही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला शोधून काढले आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. म्हटले, मुलाखतीत 'पाणी' म्हण, बेटा, बिनधास्त म्हण, पण... तिने पूर्ण ऐकून घेतले नाही. तिला घाई होती. तिने आणि आणखी सहा मुलींनी अभ्यासिकेत इंग्रजी बोलण्याचा आपलाच वर्ग सुरू केला आहे. शिक्षक मित्र आठवड्यातून एकदा येऊन चुका सांगतात, बाकी दिवस त्या एकमेकींना शिकवतात. महिन्याला दहा रुपये फी, प्रत्येकीने द्यायचीच, शिक्षकांना त्यातूनच येण्या-जाण्याचे भाडे. फुकट कोणी शिकायचे नाही आणि फुकट कोणी शिकवायचे नाही असा नियम तिने वहीत पहिल्या पानावर लिहिला आहे. आमच्या इंग्रजीतही 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा गोंधळ अजून आहे, हे तिने त्या दिवशीच्या भाषणात हेरले होते. बसायचे असेल तर बसा, सर, पण दहा रुपये, म्हणाली.

आम्ही दिले. वकील आहोत, म्हणून पावतीही मागितली. वहीचे पान फाडून तिने ती लिहून दिली आणि खाली सही केली.